आधी आखणी, मग उभारणी : बोरघाटाच्या आगगाडीची हकीकत

श्री ग्रामदैवताच्या कृपेने आणि गावकऱ्यांच्या एकजुटीने आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम तडीस गेले, आणि त्या निमित्ताने ही स्मरणिका निघत आहे. संपादक मंडळाने मजकडे ‘काहीतरी इतिहासाचे’ लिहून मागितले. देवस्थानाचा इतिहास, देवाची आख्यायिका, यात्रेची परंपरा या विषयांवर माझ्याहून अधिकारी मंडळींनी याच अंकात लिहिले आहे. तेव्हा मी जरा निराळी वाट धरतो. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

काम सुरू होण्यापूर्वीची एक ग्रामसभा पुष्कळांना आठवत असेल. वर्गणी जमू लागून वर्ष होत आले होते, पण देवळाचा एक चिराही जागचा हलला नव्हता. बांधकाम समिती मोजमापे घेत होती; चौथऱ्याच्या चारी अंगांना खड्डे घेऊन पक्का मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहत होती; पाथरवटांना खाणीवर नेऊन दगड वाजवून घेत होती. सभेत मागच्या बाजूने एक आवाज आला, “अहो, देऊळ बांधताय की देवळाची कुंडली मांडताय?” हशा पिकला. दुसरे एक वयोवृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, “मी डोळे मिटायच्या आत कळस दिसेल का, तेवढं सांगा.” त्यावर मात्र कोणी हसले नाही. समितीचा एक सभासद म्हणून मीही खाली सतरंजीवर बसलो होतो. उत्तर ओठांशी आले होते, परंतु ते इतके लांबलचक होते की सभेत सांगण्याजोगे नव्हते. आज पाने मिळाली आहेत, तेव्हा सांगतो.

उत्तर देवळाचे नाही, आगगाडीचे आहे. मुंबईहून पुण्यास जाताना कर्जत सोडल्यावर गाडीला मागून जादा इंजिने लागतात, आणि मग ती बोगद्यामागून बोगदे ओलांडीत लोणावळ्यास चढते. आपण त्या वेळी वडापाव खात असतो किंवा खिडकीतून धबधबे पाहत असतो. हा रस्ता कोणी, कसा आखला, याचा विचार सहसा मनात येत नाही.

मुंबई ते ठाणे ही २१ मैलांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण ती गाडी चालविणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या ‘जी. आय. पी.’ला, ठाण्याशी काय कर्तव्य होते? तिला हवा होता घाटमाथ्यावरचा मुलूख. वऱ्हाड-खानदेशचा कापूस, देशावरचा माल. आणि मध्ये सह्याद्री आडवा उभा होता. कोकणातून देशावर आगगाडी चढविता आली नाही, तर खालचा सगळा लोहमार्ग म्हणजे उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडलेली वरात झाली असती. म्हणून घाटाचा विचार ठाण्याची गाडी सुटण्यापूर्वीच सुरू झाला होता, आणि या हकीकतीतली पहिली ध्यानात घेण्याची गोष्ट हीच.

कंपनीचा मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले हा १८५० साली मुंबईस आला. वय जेमतेम तिशीचे. त्याच्यापूर्वी माळशेज घाटाने गाडी वर न्यावी अशी एक कल्पना पुढे आलेली होती. कागदावर ती बरी दिसे. एकच घाट चढला की काम झाले. बर्कलेने डोंगर पाहिला, मोजला, आणि माळशेजचा नाद सोडून दिला. त्याच्या मते एका घाटाऐवजी दोन घाट घ्यावयास हवे होते : नाशिक-खानदेशाकडे जाण्यास थळघाट आणि पुण्याकडे जाण्यास बोरघाट. एकाच्या जागी दोन, म्हणजे सकृद्दर्शनी दुप्पट खर्च! पण हा बदल पाहणीच्या वेळी झाला, म्हणून तो कागद खोडण्याच्या किमतीत झाला. माळशेजला चार बोगदे खणून झाल्यावर हे शहाणपण आले असते, तर कंपनीचे आणि पर्यायाने सरकारचे दिवाळे निघाले असते. पर्यायाने सरकारचे असे म्हणण्याचे कारण, कंपनीच्या भांडवलावर दरसाल शेकडा ५ टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती. कंपनीस तोटा आला तरी भागधारकाचे व्याज चुकत नसे. ते व्याज शेवटी कोणाच्या शेतसाऱ्यातून जात होते, हे वाचकांस सांगावयास नको.

आता घाटात आगगाडी चढविणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. बैल दम खाऊन खडा चढ चढतो, माणूस चार हातपाय टेकून चढतो. लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक मात्र चढ थोडा जास्त झाला की जागच्या जागी फिरते. म्हणून चढ किती असावा हे डोंगर ठरवीत नाही, इंजिन ठरविते. बोरघाटात जास्तीत जास्त चढ ३७ फुटांस एक फूट असा धरला गेला. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची १,८३१ फूट. या दोन आकड्यांची सांगड घालायची, तर डोंगराच्या कुशीकुशीने वळणे घेत रस्ता सुमारे पावणेसोळा मैल लांबवावा लागला. आणि हे मैल असे गुंफलेले की एका ठिकाणची रेषा चार हात वर-खाली झाली, तर तिच्या पुढचे प्रत्येक वळण, प्रत्येक पूल आणि प्रत्येक बोगद्याचे तोंड हलते. बोगदा दोन्ही तोंडांनी खणीत आणावा लागतो. मध्ये दोन्ही टोळ्या एकमेकांस भेटल्या पाहिजेत. एक टोळी दुसरीच्या डोक्यावरून निघून गेली, तर तेथे कोणाचे कौशल्य कामास येणार? जमिनीवरच्या बोगद्याला मधूनमधून विहिरीसारखे खड्डे घेऊन अंदाज घेता येतो. येथे वर डोंगराचे इतके ओझे की बहुतेक ठिकाणी तीही सोय नव्हती.

तेव्हा आधी मोजणी. कडे निसरडे, रान दाट, पावसाळ्याचे चार महिने धुक्यात हात पुढे केला तर दिसत नाही. त्या डोंगरात साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन बर्कलेची माणसे काही वर्षे फिरली. एक रेषा आखली, मोडली, दुसरी आखली. सरकारचे सल्लागार इंजिनियर प्रत्येक नकाशा तपाशीत व शंका काढीत. विलायतेत रॉबर्ट स्टीफन्सनसारख्या जाणत्या माणसाचा सल्ला घेतला जाई. पत्र जावयास आणि उत्तर यावयास महिने लागत. मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी या दिरंगाईबद्दल किती बोटे मोडली असतील, याची कल्पना आपल्या ग्रामसभेवरून करावी.

येथे शिंगरोबाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खोपोलीहून खंडाळ्याच्या घाटरस्त्याने जाताना शिंगरोबाचे लहानसे देऊळ लागते, आणि जुने ड्रायव्हर तेथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नसत. लोक सांगतात की, साहेबांना घाटाची वाट सापडेना. तेव्हा शिंगरू नावाच्या एका धनगराने आपली जनावरे ज्या वाटेने उतरत, ती वाट त्यांना दाखविली, आणि नंतर हे गुपित दुसऱ्या कोणास कळू नये म्हणून साहेबांनी त्याला गोळी घातली. कोणी ही गोष्ट रस्त्याची म्हणून सांगतात, कोणी रेल्वेची म्हणून. बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८३० साली वाहतुकीस खुला केला होता. म्हणजे साहेबांना घाट अगदीच नवा होता असे नाही. इतिहास म्हणून ती कथा सिद्ध करता येणार नाही. पण घाटाची खरी मोजणी पिढ्यान् पिढ्या पायांनी करणारा मनुष्य धनगरच, हे लोकांनी बरोबर हेरले, आणि त्याचे ऋण देऊळ बांधून फेडले. माझ्या दृष्टीने ही कथा म्हणूनच मोलाची आहे.

असो. मोजणी पुरी झाली, नकाशे मंजूर झाले, आणि विल्यम फेव्हिएल नावाच्या ठेकेदारास काम मिळाले. मुंबई-ठाण्याच्या मार्गाचा ठेकाही त्याच्याच संस्थेने घेतलेला होता, त्यामुळे मनुष्य अगदी नवखा नव्हता. १८५६ च्या जानेवारीत घाटात सुरुंगाचा पहिला बार उडाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात खाली खोपोलीपर्यंत गाडी येऊन पोहोचली, आणि १८५८ च्या जूनमध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतही गाडी सुरू झाली. म्हणजे खाली रूळ, वर रूळ आणि मध्ये घाट! मधला टप्पा उतारूंनी पालखीतून, तट्टावरून, नाहीतर पायी ओलांडावयाचा. अशी ही त्रिशंकू अवस्था १८६३ पर्यंत चालली.

घाटात एकूण २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल आणि २२ लहान पूल. खडक काळा, कातळी बेसाल्ट. तेव्हा डायनामाइट नव्हते; साध्या तोफेच्या दारूवर काम. कड्यावर उभे राहण्यास जागा नाही, तेथे माणसांना दोरांनी खाली सोडीत. ती लोंबकळत पहारीने भोके पाडीत, दारू ठासून बत्ती देत, आणि वरच्यांनी वेळेवर ओढून घेतले तर वाचत. पावसाळ्यात उघड्यावरचे काम बहुतेक बंद. उरलेल्या आठ महिन्यांत काय होईल ते खरे.

नकाशावरची रेषा या सगळ्यात डळमळली नाही. बोगद्यांची तोंडे जुळली. जो भाग आधी विचारपूर्वक ठरविला होता, तो जसा ठरविला तसा उभा राहिला. आपल्याकडे इंग्रजांच्या इंजिनियरीचे जे कौतुक होते, ते या बाबतीत रास्त आहे.

परंतु हकीकत येथेच संपली असती, तर मी ती सांगावयास घेतली नसती. आखणी रेषेची झाली होती. माणसांची झाली नव्हती.

काम जोरात आले तेव्हा या पावणेसोळा मैलांत ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. ४२ हजार! आपल्या तालुक्याच्या गावासारखी किती गावे त्या डोंगरात उचलून नेऊन ठेवली असतील, याचा हिशेब करावा. देशावरून, कोकणातून, लांबलांबून माणसे आली. बायका-पोरे घेऊन आली. ती राहणार कोठे? झाडाच्या डहाळ्या आणि गवत यांच्या खोपटांत. पिणार काय? ज्या घाटात आषाढात धो धो कोसळते, तेथेच फाल्गुन-चैत्रात घशाला ओल मिळण्याची मारामार. जे डबके असेल त्यात तेच स्नान, तेच कपडे, तेच पिणे. बोगद्याच्या कमानीला दगड किती लागेल हे घनफुटांत काढून ठेवले होते. त्या दगडाला घाव घालणाऱ्याला पाणी किती लागेल, हे कोणी काढले होते असे दिसत नाही. पटकी आली. हिवताप तर घरचाच. माणसे हजारांनी मेली. पटकीच्या साथीत एकेका तळावरची माणसे रातोरात पळून जात, आणि काम ओस पडे.

दुसरे दुखणे मजुरीचे. मुख्य ठेकेदार वर, त्याच्या खाली पोटठेकेदार, त्याच्या खाली मुकादम, आणि सर्वांत खाली पहार मारणारा. वरून पैसा निघे, पण उतरता उतरता मध्येच मुरे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली, आणि तीत एक युरोपियन मनुष्य मारला गेला. चौकशी बसली. फेव्हिएलने त्याच वर्षी ठेका सोडला, आणि काही महिने कंपनीनेच काम कसेबसे ओढले. पुढच्या वर्षी सरकारने रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरांचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटाने तातडीने निकालात काढावेत असा १८६० चा ९ वा कायदा केला. हा कायदा काम सुरू होण्यापूर्वी करावयास काय हरकत होती, असा प्रश्न मला नेहमी पडतो. हजारो माणसे डोंगरात नेऊन ठेवायची, तर त्यांची मजुरी कोण, केव्हा, कोणाच्या हातात देणार हेसुद्धा बांधकामाच्या नकाशातच यावयास हवे.

नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला, आणि घाटात पाऊल टाकल्यापासून महिन्याच्या आतच आजाराने मेला. त्याच्या मागे त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडून परत जाण्याऐवजी आपल्या नावावर चालू ठेवला, आणि अ‍ॅडमसन व क्लाऊझर या दोन इंजिनियरांकडून काम करवून घेतले. परक्या मुलखात, नवरा गमावल्यानंतर, एवढे अवजड काम अंगावर घेणाऱ्या या बाईंची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाही. त्यांच्या कारकिर्दीत कामाला वेग आला, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत घाटाचे उद्घाटन झाले. बर्कले त्या समारंभास नव्हता. प्रकृती ढासळल्याने तो मायदेशी गेला, आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये तेथे वारला. वय ४२.

गोष्ट आणखी थोडी उरली आहे. उद्घाटनाला चार वर्षे उलटून थोडेच महिने झाले होते तोच, १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, इंग्रजी कागदपत्रांत ‘म्हाऊ-की-मल्ली’ या नावाने नोंदलेला घाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला. पाठोपाठ कंपनीच्या इतर पुलांची तपासणी झाली, आणि अनेक ठिकाणी दगडकाम व चुना निकृष्ट असल्याचे उघडकीस आले. पुष्कळ पूल पुन्हा बांधावे लागले. पुलाची जागा बरोबर होती, उंची बरोबर होती, कमानीची आकृती बरोबर होती. पण घाईच्या दिवसांत, मैलोगणती पसरलेल्या कामावर, प्रत्येक थरातला चुना कोणी पाहावयाचा, आणि न पटल्यास थर उचकटून टाकण्याचा अधिकार कोणाला, याची बळकट व्यवस्था आधी लावलेली नव्हती. आपले पाथरवट म्हणतात, “दर्शनी दगड देव पाहतो, आतली भर पाऊस पाहतो.” सह्याद्रीच्या पावसाने चार वर्षांत पाहून घेतली.

याच्या उलट एक उदाहरण देतो. ते फार दूरचे, पनामाच्या कालव्याचे आहे. दोन महासागर जोडणारा हा कालवा प्रथम फ्रेंचांनी खणावयास घेतला. सुएझ खणून जगभर नाव मिळविलेला फर्दिनां द लेसेप्स हा त्यांचा पुढारी. १८७९ साली पॅरिसला परिषद भरली. तीत एका इंजिनियराने, गोदँ द लेपिने त्याचे नाव, सांगितले की येथे सुएझसारखा सपाट कालवा चालणार नाही. शाग्रेस नदीला धरण घाला, तलाव करा, आणि जहाजे दरवाजांच्या हौदांतून वर चढवून पुन्हा उतरवा. त्याचे म्हणणे बाजूस सारले गेले. सुएझमध्ये जे जमले ते येथेही जमेल, हा लेसेप्सचा विश्वास. १८८१ साली काम सुरू झाले, १८८९ साली कंपनी बुडाली. लहान लहान फ्रेंच ठेवीदारांची आयुष्याची पुंजी गेली, आणि २० हजारांवर माणसे पिवळ्या तापाने, हिवतापाने व इतर रोगांनी गेली. वाळवंटातला अनुभव रानातल्या नदीला लागू करण्याची ही किंमत.

१९०४ साली अमेरिकेने काम हाती घेतले, आणि पहिल्या वर्षी तीच चूक पुन्हा केली. अमेरिकेत लोकांना आणि वर्तमानपत्रांना माती उडताना दिसावयास हवी होती. म्हणून जुनीपुराणी यंत्रे लावून खणणे सुरू केले. राहण्यास घरे नाहीत, खाण्याची व्यवस्था नाही, पिवळा ताप पसरलेला. माणसे मिळेल त्या बोटीने पळू लागली. मुख्य इंजिनियराने राजीनामा दिला. त्याच्या जागी १९०५ च्या जुलैत जॉन स्टीव्हन्स आला. हा रेल्वेत मुरलेला मनुष्य. त्याने तेथे पोहोचल्यावर पहिला महत्त्वाचा हुकूम कोणता काढला असेल? खणणे बंद करा!

एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या इभ्रतीचे काम, आणि नवा इंजिनियर येऊन कुदळी खाली ठेवावयास सांगतो! पण त्याने त्या काळात काय केले ते पाहा. घरे बांधली, भोजनगृहे बांधली, नळाने स्वच्छ पाणी आणले. डॉ. विल्यम गॉर्गस यांना हवी तेवढी माणसे व सामान देऊन डासांच्या मागे लावले. घरन् घर धुरी दिली, उघडी पाण्याची पिंपे झाकली, डबक्यांवर तेल ओतले. हिवताप डासांमार्फत पसरतो याचा पहिला पक्का धागा रोनाल्ड रॉस यांना आपल्याच देशात, सिकंदराबादेस, १८९७ साली सापडला होता. पिवळ्या तापाचा डास क्यूबात ओळखला गेला होता. ती विद्या येथे कामास आली. १९०५ संपण्यापूर्वी पनामा शहरातला पिवळा ताप थांबला. मग स्टीव्हन्सने मोडकी रेल्वे दुहेरी व भक्कम केली, कारण त्याच्या मते हा प्रश्न माती खणण्याचा नसून खणलेली माती वाहून नेण्याचा होता. आणि या मधल्या अवधीतच, १९०६ च्या जूनमध्ये, सपाट कालव्याचा हट्ट सोडून धरण, तलाव आणि दरवाजे अशी योजना मंजूर झाली; म्हणजे २७ वर्षांपूर्वी पॅरिसला जी सांगितली होती तीच! पुढे स्टीव्हन्स गेला, गोथल्स आला, आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. पनामातही माणसे मेली, फार मेली, आणि त्यांतली बहुतेक वेस्ट इंडीजची गरीब काळी माणसे होती. तेव्हा तेथे सगळे आलबेल होते असे मी म्हणणार नाही. पण बोरघाटात जे नकाशाच्या बाहेर राहिले होते ते, म्हणजे पाणी, घर, औषध, येथे नकाशाच्या आत आले, एवढे खरे.

मघाशी बोरघाटाबद्दल लिहिताना माझे हात जरा अडखळले, त्याचे कारणही सांगून टाकतो. १९७२ च्या दुष्काळात मी नुकताच शाळा सोडलेला पोरगा होतो, आणि एका पाझर तलावाच्या कामावर हजेरीपत्रक भरण्याची नोकरी मला मिळाली होती. गाव आपले नव्हे. नाव सांगत नाही. लोक उपाशी होते. काम सोमवारपासून सुरू झालेच पाहिजे असा वरून निरोप आला, आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. भुकेल्या माणसाला नकाशा दाखवून पोट भरत नाही. एका दुपारी चुन्याची फक्की मारून बांधाची रेषा आखली गेली. सांडवा कोठे काढायचा असे एकाने विचारले, तेव्हा ‘ते मागाहून पाहू’ असे उत्तर मिळाले. ‘मागाहून’ कधी आलेच नाही. उन्हाळाभर बायाबापड्यांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या. ७३ साली पाऊस चांगला झाला. तलाव भरला, पाणी बांधावरून वाहू लागले, आणि एका रात्रीत मधला तुकडा निघून गेला. सकाळी आम्ही काठावर उभे होतो. माझ्या हजेरीपत्रकात जिचे नाव रोज पहिल्या ओळीत असे, ती म्हातारी मला म्हणाली, “बाबा, पैसं मिळालं रं, पर माती गेली.” मजुरी पोहोचली होती, यात माझे समाधान व्हावयास हवे होते, झाले नाही.

आपल्या देवळाच्या कामात दोन गोष्टी त्या वर्षभराच्या ‘कुंडली’मुळे कळल्या, त्या नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या पिढीला दुरुस्ती करताना उपयोगी पडतील. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाच फुटांवर ओल लागली. जुन्या जाणत्यांना विचारता तेथे पूर्वी एक झरा होता व तो बुजविला असे कळले. जुन्या भिंतीला त्याच कोपऱ्यात तडा का जात होता, याचा उलगडा झाला. म्हणून पायाखालून दगडी मोरी काढून ते पाणी ओढ्याकडे सोडले आहे. तिचे तोंड पिंपळाच्या पाराखाली आहे, ते कोणी बुजवू नये. दुसरे असे की, खाणीतला पहिला दगड दिसावयास सुरेख होता, पण पाण्यात ठेवून पाहता त्याला पदर सुटू लागले. तो नाकारला, आणि पलीकडच्या खाणीचा घेतला. त्यात चार महिने गेले. भाविकांनी त्या चार महिन्यांचा राग आमच्यावर काढला, तो आम्ही प्रसाद म्हणून घेतला. कामगारांचा मुक्काम, पाणी व आठवड्याचा पगार यांची जबाबदारी पहिल्याच बैठकीत तीन सभासदांना नावानिशी वाटून दिली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली.

सभेत कळसाबद्दल विचारणारे ते गृहस्थ कळसारोहणाच्या दिवशी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. नातवाने त्यांना धरून उठविले तेव्हा त्यांनी आधी कळसाकडे पाहिले, आणि मग काठी टेकीत पाराकडे गेले, वाकून मोरीच्या तोंडात पाहिले, आणि मला हाक मारून म्हणाले, “वाहतंय रे.”

बोरघाटातला जुना मार्ग आज जसाच्या तसा राहिलेला नाही. मध्ये एका कड्याशी गाडी थांबवून, इंजिन मागच्या टोकास लावून, उलट्या दिशेने पुढे न्यावी लागे. ही गैरसोय १९२९ साली नवी वाट व नवे बोगदे काढून दूर केली, आणि पुढच्याच वर्षी, १९३० च्या जूनमध्ये, दख्खनची राणी धावू लागली. तो पाझर तलाव मात्र मी मध्यंतरी पाहून आलो. फुटल्यानंतर दोन वर्षांनी त्याची पुन्हा मोजणी झाली, आणि या वेळी सर्वांत आधी सांडवा खणला. सांडवा एका बाजूच्या कातळात आहे. मी गेलो तेव्हा श्रावण होता, आणि त्यावरून गुडघाभर पाणी चालले होते.